फरशीची धास्ती

तो रंगारी. तीस वर्षं उंच शिडीवर उभं राहून भिंती रंगवल्या, कधी डोळे फिरले नाहीत. आता त्याला धास्ती होती ती घरातल्या फरशीची. पक्षाघाताचा झटका आला त्या सकाळी तो न्हाणीघरात कोसळला होता. डावं अंग लुळं, जीभ जड. बायको कामावरून येईपर्यंत पाच तास तो ओल्या फरशीवर पडून होता.

तीन महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागला, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी गादी अंथरली.

"काका, आज खाली पडल्यावर उठायचं कसं, ते शिकायचं."

तो गादीपासून मागे सरकला. "मी कशाला पडतोय पुन्हा?"

"अहो, ऐका की," बायको म्हणाली. "मी काय उचलणार तुम्हाला? माझी कंबर माझंच ऐकत नाही."

त्याला हसू आलं नाही. बाईंनी धरून त्याला निजवलं. पाठ टेकली आणि त्याने बाईंचा हात घट्ट पकडला.

"उचला! आधी उचला मला!"

बाई सरळ त्याच्या शेजारी आडव्या झाल्या. "हे बघा, मीही खालीच आहे. उजव्या कुशीवर वळा. आता कोपरावर जोर द्या."

कोपर, गुडघे, मग समोरची खुर्ची. दोनदा तो ढेपाळला. तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा सदरा घामाने चिंब झाला होता.

पुढच्याच महिन्यात, दुपारी एकटा असताना, स्वयंपाकघरात डावा पाय चपलेत अडकला आणि तो आपटला. फोन बाहेरच्या खोलीत. हाक मारायला गेला, आवाज फुटेना. पुन्हा पाच तास? बराच वेळ तो नुसता छताकडे बघत राहिला. मग रडतरडतच कुशीवर वळला. सरपटत खुर्ची गाठली, उजवा पाय रोवला. एकदा खुर्चीच सरकली. ती भिंतीला टेकवून त्याने पुन्हा जोर लावला.

बायको आली तेव्हा तो खुर्चीत बसला होता. कोपर सोललेलं होतं. ऐकून ती मटकन खालीच बसली.

"उद्यापासून मी कामावर जात नाही."

"जा गं, जमलं ना मला," तो म्हणाला. जरा वेळाने हळूच म्हणाला, "परवापासून जा."