पिंपळडोहच्या दहा संगणकांचं भूत

गुरुवारी दुपारी पिंपळडोहच्या शाळेतल्या पोरांना सुट्टी दिली होती, आणि तरी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पातूरकडून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. ज्यांना संगणक खोलीत जागा मिळाली नाही ते खिडक्यांच्या गजांना लटकले होते. आत टेबलांवर दहा संगणक, दहाही पडदे काळे, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर झेंडूचा हार. मधोमध सतरंजीवर यंत्रानंद महाराज बसले होते.

"हा काही डब्बा नाही!" महाराज गरजले. "हा यंत्रदेव हाय! याच्या पोटात मदरबोर्ड हाय. मदर म्हंजे कोन? माता! हार्डडिस्क काहून गरगर फिरते? ते सुदर्शन चक्र हाय! आन माऊस? अरे, साक्षात गनपतीचं वाहन तुमच्या टेबलावर बसून राहिलं, आन तुमी त्याले फडक्यानं पुसता?"

गर्दीतून "महाराज की जय" उठलं. दारामागे उभ्या रऊफने नाकाला रुमाल लावला. धुपाचा धूर सहन होत नव्हता, आणि जे ऐकू येत होतं तेही.

"आता डोये मिटा! कोनी उघडे ठेवले तं त्याच्या विहिरीवरची मोटर जळन!"

त्या वर्षी, म्हणजे २००८ च्या पावसाळ्यात, मोटर जळण्याची जोखीम कोण घेणार? सोयाबीन पिवळं पडत होतं, बारा-बारा तास लाइन जात होती, आणि 'हे नीट होईल' असं छातीठोकपणे सांगणारा गावात दुसरा कोणी उरला नव्हता. शे-दीडशे डोळे मिटले. शिष्याने पहिल्या संगणकावर, कीबोर्डासकट, भगवं कापड टाकलं आणि शंख फुंकला. महाराजांनी मूठभर भस्म डब्याच्या मागच्या जाळीत फुंकलं. दोन मिनिटांनी कापड निघालं, तर पडदा निळाशार उजळलेला. बायांनी हात जोडले. मुख्याध्यापक खुशालराव, बी.एस्सी. बी.एड., यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

ते पाहून रऊफला किळस आली.

त्याने डोळे मिटले नव्हते. अकोल्यात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवून त्याला चौदा वर्षं झाली होती. शंख फुंकणाऱ्या शिष्याचा डावा हात कापडाखाली काय करत होता, ते त्याला दिसलं होतं. आणि शिष्यालाही त्याने ओळखलं होतं. तो भगवंत होता. दोन वर्षांपूर्वी त्याचा बस स्टँडजवळ सायबर कॅफे होता, आणि तिथले संगणक असेच काळे पडले, तेव्हा तो रऊफकडे रडत आला होता. कोणती बटणं दाबायची ते रऊफनेच त्याला शिकवलं होतं.

पण सगळ्यात जास्त किळस रऊफला स्वतःची येत होती.

जून महिन्यात, शाळा उघडण्याआधी, या दहाही संगणकांवरची लिनक्स प्रणाली त्यानेच नवी करून दिली होती. एक संगणक तपासला, तो चालला, म्हणून बाकीच्या नऊंवर तेच चढवलं आणि शेवटची बस गाठायला निघून गेला. तपासलेला संगणकही बंद करून पुन्हा चालू करून पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी खोली उघडली तर दहाही काळे. खुशालरावांनी तीनदा फोन केला. कामाचा ढीग होता, पैसे मिळून गेले होते, त्याने फोन उचलला नाही.

मग परवा मैनाबाई आली. शाळेत झाडलोट करणारी, पन्नाशीची विधवा. पिंपळडोहहून बसने येऊन, विचारत विचारत ती दुकान शोधत आली आणि पायरीखालीच उभी राहिली.

"रऊफभाऊ, तुमी त्या दिवशी मशीनले काय केलं होतं? मले खरं सांगा. मी तं नुसता फडका मारला जी."

"काहून मावशी? काय झालं?"

"महाराज म्हनतात, विधवेचा हात लागला म्हून दहाही मेले. सरांनी मले शाळेत येऊ नको म्हटलं. नळावर बाया मले मांगं उभी ठेवतात. माह्या हंड्याची धार उडन म्हून आपले हंडे झाकतात." ती रडत नव्हती. "म्या फडका ओला घेतला होता काय, कोरडा घेतला होता, रोज आठवून पाह्यतो. कोरडाच होता."

रऊफने तिला आत बसवलं. "आन महाराज काय करतात?"

"करतात तं चालू होते एखादं. पन लाइन गेली का पुन्हा काळं. मंग पुन्हा गुरुवारी."

लाइन गेली की पुन्हा काळं. एवढ्या एका वाक्यात रऊफला सगळा बिघाड कळला. आणि आपण फोन उचलला असता, तर या बाईला नळावर मागे उभं राहावं लागलं नसतं, हेही कळलं.

आता तो गर्दीतून वाट काढत पुढे आला. "महाराज, दुसरं मशीन मी लावू काय?"

खुशालराव घाईने उठले. "रऊफभाई, हे धार्मिक चाललंय. तुम्ही यात पडू नका."

"पडू द्या!" महाराज हसले आणि कफनीच्या दुसऱ्या खिशातून काळ्या दोऱ्याचा ताईत काढला. "घ्या मियाँ. आपल्याकडं सगळ्यांची सोय हाय."

रऊफने तो ताईत चिमटीत धरून टेबलावर ठेवला, मेलेलं झुरळ ठेवावं तसा. मग खिडकीकडे तोंड करून हाक मारली, "मैनाबाई! अंदर या."

ती कुंपणाबाहेर उभी होती. लोक तिच्यापासून अंग चोरत बाजूला झाले. शाळा समितीचे अध्यक्ष उत्तमराव दारात आडवे झाले. "तिचा हात लागला तं दहाही जातीन!"

"गेले तं मी जबाबदार," रऊफ म्हणाला. "तसाही मीच हावो जबाबदार. सांगतो, आधी हिले बसू द्या."

मैनाबाई खुर्चीच्या टोकावर बसली. रऊफने दुसरा संगणक बंद करून पुन्हा चालू केला. "मावशी, हे कोपऱ्यातलं बटन दाबा. आता हा खाली जानारा बान, दोनदा. आता हे मोठं."

शंख वाजला नाही, कोणी डोळे मिटले नाहीत. पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि निळा रंग उजळला.

"लागला!" खिडकीतून कोणी ओरडलं. "मैनाबाईच्या हातानं लागला!"

महाराजही कच्चे नव्हते. "पाहा! माही शक्ती इतकी वाहून राहिली का हिच्यातही उतरली!"

आणि चार-पाच जणांनी खरंच पुन्हा हात जोडले. रऊफचं डोकं फिरलं. त्याने महाराजांनी जिवंत केलेला पहिला संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पडदा काळा. "मंग हे लावा महाराज. कापड टाका, भस्म टाका. फक्त हा भगवंत बाहेर उभा राहीन."

महाराजांनी मंत्र म्हटले. मोठ्याने म्हटले, मग आणखी मोठ्याने. घाम कपाळावरच्या गंधातून ओघळला. पडदा काळाच. मागे एक म्हातारी फिस्सकन हसली, आणि ते हसू खिडक्यांपर्यंत पोचलं.

"यंत्राचं मौन हाय आज," असं म्हणत महाराज उठले. भगवंत कधीच जीपमध्ये जाऊन बसला होता.

रऊफने पेचकस काढला आणि पहिल्या संगणकाचं झाकण उघडून गर्दीकडे वळवलं. पंख्याच्या पात्यांत भस्म, कुंकू आणि अक्षता यांचा लगदा चिकटला होता. मग टोकाचा उघडला, तर त्यात नारळाचं पाणी शिरून वीजपेटी जळाली होती. तिचा जळका, आंबूस वास खोलीभर पसरला.

"हे देवाचं काम हाय काय?" तो म्हणाला. "नऊ मशीनं आज नीट होतीन. हे दहावं महाराजांनी मारलं. आन बाकीच्या नऊंचं ऐका. जूनमधे म्या यांच्यात नवी सिस्टीम टाकली. तिचा नवा गाभा या जुन्या मशीनचं पडदा चालवनारं कार्ड ओळखत नाही, म्हून काळं दिसते. जुना गाभा अंदरच असते. चालू होतानी ते बटन दाबलं का यादी येते, तिच्यातून जुना निवडला का पडदा लागते. भगवंत कापडाखाली तेच करे. लाइन गेली का मशीन पुन्हा नवाच गाभा उचलते, का पुन्हा काळं. हेच भूत. आन ते म्या सोडलं. म्या तपासलं नाही, सरांचा फोन उचलला नाही. चूक माही, भोगलं या बाईनं."

बाहेर जीप सुरू झाली. एवढं होऊनही तिघं-चौघं तिच्यामागे पाया पडायला धावलेच. रऊफने तिकडे पाहिलं आणि थुंकावंसं वाटलं तरी गिळलं. मधेच लाइन गेली; ती परत आल्यावर तो कामाला बसला. संध्याकाळपर्यंत त्याने नऊही संगणकांत त्या कार्डाला चालणारा प्रणालीचा भाग बसवला, आणि या वेळी प्रत्येक संगणक तीनदा बंद करून चालू करून पाहिला.

पण त्याआधी मैनाबाई खुशालरावांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, तुमी माईकवरून सांगितलं होतं का माह्या हातानं मशीन मेली. आता माईकवरूनच सांगा."

खुशालरावांनी चष्मा काढला, पुसला. "हो... सांगू ना. पण आता लाइन गेली, मैनाबाई. माईक बंद आहे."

"तं ओरडून सांगा."

ट्रॅक्टर अजून उभे होते, माणसं अजून पांगली नव्हती. खुशालराव पायरीवर आले. मग ते ओरडले, "मैनाबाईच्या हातानं काहीही बिघडलं नव्हतं! मी शिकलेला माणूस, मी तरी विचारायला हवं होतं, की आदल्या दिवशी या मशीनमध्ये काय बदललं. तेवढं एक विचारलं असतं तरी पुरे होतं. तुम्हीही विचारा. मोटर बंद पडो, पीक पिवळं पडो, माणूस आजारी पडो, आधी कारण शोधा. आणि कोणी कापड टाकून डोळे मिटा म्हटलं, तर डोळे उघडे ठेवा!"

मैनाबाई शेवटपर्यंत ऐकत उभी होती. मग गर्दीतल्या बायांकडे वळून म्हणाली, "ऐकलं ना?" आणि उत्तराची वाट न पाहता खोली झाडायला आत गेली.