वहिनींनी न काढलेली खोली

"ही खोली कुणाची?" साहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं.

संगणकाच्या पडद्यावर नव्या दवाखान्याच्या इमारतीचं अख्खं मॉडेल होतं. खांबवाला, दिवेवाला, हवावाला, सगळे आपापल्या जागी बसून त्याच एका मॉडेलमध्ये काम करत. एकाने खांब सरकवला की सगळ्यांच्या पडद्यावर सरके. त्यामुळे बोलायची गरज उरली नव्हती, आणि कुणी बोलतही नसे. सगळ्यांचं काम एकमेकांत नीट बसतंय ना, हे वहिनी बघत. भिंती त्यांचे यजमान, म्हणजे ऑफिसातले दादा, काढायचे. मागच्या थंडीत ते गेले, तरी ऑफिसात त्या सगळ्यांच्या वहिनीच राहिल्या.

खोली जिन्याला लागून होती. एवढीशी, खिडकीला बसण्याजोगा कट्टा. दवाखान्याला तिचा काही उपयोग नव्हता. तरी दिवेवाल्याने तिथे दिवा दिला होता, हवावाल्याने आपला पाइप तिला वळसा घालून नेला होता.

"दादांच्या नावावर दिसली," दिवेवाला चाचरत म्हणाला. "वाटलं, वहिनींनीच काढली असेल. दादांचा पासवर्ड असणार त्यांच्याकडे. म्हटलं, असू दे."

"मलाही तेच वाटलं," हवावाला म्हणाला. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी चालली होती.

वहिनींना भरून आलं. "मी नाही काढली. मला वाटलं, यांची आठवण म्हणून तुमच्यापैकीच कुणीतरी..."

एकेकाने नकारार्थी मान हलवली.

"संध्याकाळी मॉडेल पाठवायचंय. पुसावी लागेल, वहिनी," साहेब हळू आवाजात म्हणाले.

वहिनींचा हात उचलेना. रोज ऑफिसात आल्या आल्या त्या आधी मॉडेलमधल्या त्या कट्ट्यापाशी डोकावून यायच्या. घरात तर आता डोकावण्यासारखं काही नव्हतं. शेवटी त्यांनी पुसायचं बटण दाबलं. खोली पुसली गेली नाही. दादांचं नाव आलं, शेजारी हिरवा ठिपका: ते आत्ता या खोलीवर काम करत आहेत.

एकाच्या हातातलं काम दुसऱ्याला हवं असेल तर मॉडेलमध्येच ते त्याच्याकडे मागायची पद्धत होती. वहिनींनी खोली मागितली. किती तरी दिवसांनी सगळे उठून एकाच पडद्यामागे येऊन उभे राहिले.

उत्तर आलं: सोडली.

"मला कधी नाही म्हटलंच नाही यांनी," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी खोली पुसली. भिंती गेल्या, कट्टा गेला. हिरवा ठिपका विझला. दिवा तेवढा तिथेच लटकत राहिला.

"हा तुझा आहे रे. तूच काढ," वहिनी म्हणाल्या.

दिवेवाला आपल्या जागेवर जाऊन बसला. त्याने माऊस बाजूला सारला.

"जिन्यात तसाही अंधारच आहे, वहिनी," तो म्हणाला. "राहू दे."