गवताचं पाणी

आमच्या घरी खोटं बोलायला सुरुवात मीच केली, हे आधी सांगून टाकते. आमच्या ह्यांना, म्हणजे रत्नाकरांना, काचबिंदू निघाला तेव्हा आमची अवंतिका जर्मनीत नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. एकुलत्या एका पोरीला तिकडे घोर नको, म्हणून मी फोनवर एवढंच म्हटलं, "बाबांचे डोळे जरा चुरचुरतात." ते काही अगदीच खोटं नव्हतं. डॉक्टरांचे थेंब टाकले की डोळ्यांची आग व्हायची. ज्या माणसाने फॅक्टरीत पस्तीस वर्षं तोफगोळ्यावरचा केसाएवढा ओरखडा नुसत्या नजरेने पकडला, तो थेंबांची बाटली बघून लहान पोरासारखा तोंड फिरवायचा.

पोरीने महिन्याभरात पुडा पाठवला. तिकडच्या कुरणात उगवणारं, बारीक पांढऱ्या फुलांचं कसलंसं रोप, वाळवलेलं. तिच्या घरमालकीणबाईंची आजी त्याच्या पाण्याने डोळे शेकायची म्हणे. आम्ही त्याला सरळ गवतच म्हणायचो. चमचाभर गवत उकळायचं, मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळायचं आणि कोमट झालं की कापसाच्या घड्या भिजवून मिटल्या डोळ्यांवर ठेवायच्या. चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात ओल्या वैरणीचा वास सुटायचा.

"कुंदा, काय बरं वाटून राहिलं!" हे खुर्चीत पडल्या पडल्या म्हणायचे.

"आणि थेंब?"

"टाकू ना नंतर."

ते नंतर कधी आलंच नाही. पहिले काही दिवस मी भांडले, मग थकले. खरं सांगू? रोजची ती कटकट मलाही नको झाली होती. आग थांबली, लाली गेली, म्हणजे डोळे सुधारले, असं मी धरून चालले. जन्मभर शाळेत गणित शिकवलं मी! लाज वाटते. सात महिने थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात तशीच उभी होती.

मग एका सकाळी ह्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला.

डॉक्टरांनी यंत्रातून तपासलं. उजवा डोळा गेला होता. डाव्यात नजरेचा मधला एक छोटा गोल उरला होता, तोही धुरकट. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी टिकलं तर टिकेल. "उस पानी से कुछ नहीं बिगड़ा," ते म्हणाले, "दवा छूटने से बिगड़ा." गवताला शिव्या घालायचीही सोय उरली नाही.

रिक्षात ह्यांनी माझा हात धरला. "अवंतिकाला सांगू नको. तिला वाटेल, तिच्या गवतामुळं झालं."

"तुमचा डोळा गेला, अन् तुम्हाला तिचं पडलंय?"

"डोळा तर गेला ना आता. पोरीला काहून रडवायचं?"

घर येईपर्यंत मी रस्त्याकडे बघत राहिले.

रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. फोन ह्यांनी धरला.

"बाबा, गवताचं पाणी लावून राहिले ना?"

"रोज. एकदम मस्त वाटते, बेटा."

"अच्छा लगा सुनके. इतक्या दूर बसून तुमच्यासाठी काहीच करता येत नाही, असं वाटायचं मला." मग हसून म्हणाली, "चलो, आता सांगा, माझ्यात काय फरक दिसून राहिला?"

मी ह्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. कमरेपर्यंतची वेणी पोरीने कापून टाकली होती. केस कानापर्यंत आले होते.

"दिसते ना!" हे म्हणाले. "बारीक झाली तू. जेवत नाही काय?"

"बाबा, नीट बघा ना."

मी तिच्या डोळ्यांदेखत ह्यांच्या मागून निघून धावत समोर गेले. फोनच्या शेजारी, हातभर अंतरावर उभी राहून डोक्याशी दोन बोटांची कात्री चालवू लागले, मानेवर आडवा हात फिरवू लागले. "केस, केस," आवाज न करता ओरडत होते. हे तसेच हसऱ्या चेहऱ्याने बसलेले.

"बाबा," अवंतिकाचा आवाज बदलला होता, "आई कुठं आहे?"

"आत असेल, बेटा," हे म्हणाले. "स्वयंपाकघरात."