उपरण्याखालचा भाव

दुष्काळाचं दुसरं वर्ष. नांदूरघाटच्या बाजूच्या त्या गावात रानात कुसळ उगवलं नव्हतं. घरं चालत होती ती दुधावर. आणि दूध संस्थेची जुनी गाडी रोज केजच्या वाटेवर बंद पडायची. उन्हात कॅनमधलं दूध नासायचं. शेवटी नवी गाडी घ्यायचा ठराव झाला आणि चेअरमन अर्जुनराव व संचालक भिवराबाई असे दोघं बीडच्या शोरूमला गेले.

आता अर्जुनराव म्हणजे बैलबाजारातला बडा गडी. उपरण्याखाली दोन हात गेले, बोटं दाबून गुपचूप भाव ठरायला लागला, की समोरचा खाली आलाच म्हणून समजा. आपल्याकडं भाव न पाडता वस्तू घेणाऱ्याला लोक येडं म्हणतात आणि पाडणाऱ्याला हुशार! ही हुशारी कुणाच्या जिवावर चालते, ते मात्र कुणी विचारत नाही.

शोरूमच्या भिंतीवर गाडीचा भाव ठळक लिहिला होता. खाली ओळ होती, 'सर्वांना एकच भाव'. अर्जुनरावांनी ते बघितलं न बघितलं केलं. मॅनेजर धर्मराज समोर बसताच त्याचा हात ओढून वर उपरणं टाकलं आणि आत बोटं दाबली. धर्मराजनं हात हळूच काढून घेतला आणि भिंतीवरचाच भाव पडेल असं सांगितलं. अर्जुनरावांनी आवाज चढवला, चेअरमनकीचा दम दिला, पुढाऱ्यांची नावं घेतली. धर्मराज हलेना. तेव्हा ते ताडकन उठले.

"चला भिवराबाई. जिथं आपला मान न्हाई, तिथं गाडी घ्यायची न्हाई."

भिवराबाई खुर्चीतून उठल्याच नाहीत. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मान? तुमच्या मानापायी उद्या बी दूध वतून द्यायचं व्हय? गेल्या साली चारा संपला, तवा आमची बैलजोडी तुमीच घेतली, चेअरमन. आसंच उपरणं टाकून. आत आमच्या मालकाची बोटं दाबलीत. आमाला नड हाय, हे तुमाला ठावं होतं. शेजारच्याला त्याच्या जोडीचा काय भाव दिला, ते कळू दिलं न्हाई. कावून? कळलं असतं तर आमी जोडी दिली नसती! हितं भाव भिंतीवर हाय. मला बी तोच, तुमाला बी तोच. हेच तुमाला सोसंना. नडलेल्याचा भाव पाडणं ही हुशारी न्हाई, चोरी हाय."

शोरूममधले सगळे बघत होते. अर्जुनरावांची कानशिलं तापली. उलट बोलायला तोंड उघडलं, पण त्यांना ती जोडी आठवली. ते खाली बसले, उपरणं घडी करून बाजूला ठेवलं आणि भिंतीवरच्याच भावाला सही केली. दुसऱ्या दिवशी नव्या गाडीतून दूध चांगलं पोचलं.

पुढच्या बाजारात गावातला म्हाळू आपली गाय विकायला घेऊन उभा होता. त्याच्याकडंही चारा नव्हता. दलालानं सवयीनं गाय घ्यायला आलेल्या अर्जुनरावांपुढं उपरणं केलं. अर्जुनरावांनी ते सारून दिलं आणि मघाशी तसल्याच दुसऱ्या गायीला दिलेला भाव सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं सांगितला. म्हाळूनं गायीचं दावं त्यांच्या हाती दिलं.

भिवराबाई मागंच उभ्या होत्या. "आमची जोडी गेली ती गेलीच," त्या म्हणाल्या, "पर आज भाव ऐकू आला."

मंडळी, जिथं भाव झाकावा लागतो, तिथं कुणाची तरी नड विकत घेतली जात असते. चारचौघांत मोठ्यानं सांगता येत नाही, तो भाव करूच नका!