सुतक नसलेलं माणूस

चिमाबाईने तिसऱ्यांदा चूळ भरली, हात कोपरापर्यंत धुतले, तरी ती नळापासून हलेना. पॅन्ट्रीतल्या स्टीलच्या ट्रेमध्ये तीन पांढऱ्या वाट्या तयार होत्या. एकीत तांदूळ, एकीत मीठ, एकीत नुकतं भरलेलं पाणी. ट्रे उचलायचा, साहेबांच्या केबिनमध्ये जायचं, स्टुलावर चढून वाट्या भिंतीवरच्या फळीवर ठेवायच्या. दोन मिनिटांचं काम होतं, पण त्यासाठी हात पुढे होत नव्हते. आज सहावा दिवस.

फळीवर लाकडाचं लहानसं देऊळ होतं. दारं कायम बंद, आत मूर्ती नाही. देवाचं नाव लिहिलेला कागद आहे, असं दुभाषी अपेक्षाने एकदा सांगितलं होतं. चाकणच्या या कारखान्यात मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनत. दोन वर्षांपूर्वी जपानहून आलेल्या हिराओका साहेबांनी पहिली मशीन लागायच्या आधी ते देऊळ भिंतीवर चढवलं होतं. रोज सकाळी ते त्याच्यापुढे दोनदा वाकत, दोन टाळ्या वाजवत आणि पुन्हा एकदा वाकत. मशीन-शॉपवरची पोरं त्या टाळ्यांची नक्कल करून हसायची. चिमाबाई कधी हसली नाही. पाणी शिळं नको, आधी हात धुवायचे, चूळ भरायची, असे नियम अपेक्षा समजावू लागली, तेव्हा तिने मध्येच अडवलं होतं.

"देवाचंच ना, ताई? मग कळलं की मला."

गेल्या शनिवारी दुपारी तिची सासू गेली, औशाजवळच्या गावी. चिमाबाई लग्न होऊन त्या घरात आली, तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती. सासूने पंधरा दिवस पहाटे उठून स्वतः भाकरी थापल्या आणि सुनेच्या म्हणून सगळ्यांना वाढल्या. अशा बाईचं शेवटचं तोंड पाहायलाही ती गेली नाही. नवरा मुलाला घेऊन गावी गेला, ती भोसरीच्या खोलीवर राहिली. नवऱ्याची कंपनी बंद पडून चार महिने झाले होते. इथे एक तारखेपासून ठेकेदार सफाईच्या अकरा बायकांपैकी सहाच ठेवणार होता, आणि दांड्या मारणाऱ्यांची नावं आधी कटणार, हे सुपरवायझर रोहिदासने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. म्हणून तिने सासूचं कुणाजवळ काढलंच नाही. काढलं असतं तर चांगल्या मनानेच लोकांनी तिला दहा दिवस घरी बसवलं असतं.

लोकांपासून सुतक लपतं, देवापासून कसं लपणार? आजच्यापुरतं तू ठेव, असं तिने एकदोघींना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, तुझा देव तूच बघ बाई, काही फुटलं तर आमच्या डोक्यावर नको. चार दिवस बाहेर बसण्याचं कारण सांगावं, तर ते वय सरून सात वर्षं झालेली. मंगळवारी प्रेस मशीनचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, तडकला आणि अर्धी लाइन दिवसभर बंद राहिली. कोणामुळे तडकला, हे तिच्या मते तिला एकटीलाच माहीत होतं.

तिने ट्रे उचलला, तेवढ्यात दारात अपेक्षा आली.

"मावशी, ट्रे राहू द्या. साहेबांनी बोलावलंय, तुम्हालाच."

चिमाबाईने ट्रे परत ठेवला. कळलं यांना, असंच तिला वाटलं.

केबिनच्या मधोमध हिराओका साहेब उभे होते. दोन्ही हातांत पांढरा, कोरा कागद. डोळे सुजलेले. दाराशी रोहिदास चिकटपट्टीचं रीळ घेऊन उभा होता.

"साहेबांची आई गेली काल," अपेक्षा हळू आवाजात म्हणाली. "त्यांच्याकडे घरातलं कोणी गेलं की हे देऊळ पांढऱ्या कागदाने झाकतात. पन्नास दिवस. घरच्या माणसाने हात लावायचा नसतो. बाहेरच्या कोणी कागद चिकटवायचा."

"सुतक," चिमाबाई पुटपुटली.

"हो, तेच. साहेब म्हणतात, दोन वर्षं देवाचं तुम्ही केलंत, तर हेही तुम्हीच करावं. फक्त एक विचारायला सांगितलंय. तुमच्या घरात एवढ्यात कोणी गेलेलं नाही ना?"

चिमाबाईने तोंड उघडण्याआधीच रोहिदास पुढे झाला.

"न्हाई, न्हाई! तिच्या घरी समदं बेस हाय. वर्षात एक दांडी न्हाई बाईची. ताई, साहेबांना सांगा, एक तारखेला ज्या सहा ठेवायच्या, त्यात हिचं नाव पयलं हाय."

अपेक्षाने सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि दोन्ही हातांनी कागद पुढे केला.

ज्या शब्दासाठी तिने सहा दिवस जीव मुठीत धरला होता, तो रोहिदासने आपणहून देऊन टाकला होता. आता तिने नुसतं गप्प राहायचं होतं. कागद लागला की पन्नास दिवस पाणी नको, तांदूळ नको, देवाला शिवणं नको. क्षणभर तिला खरंच सुटल्यासारखं वाटलं. मग तिने साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. आपल्या सासूच्या बाबतीत जे वागायचं ते ती वागून चुकली होती. दुसऱ्याच्या आईच्या कार्यात तसं वागायला तिचं मन धजेना.

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"माझी सासू गेली. शनवारी. मला नाही जमायचं हे."

रोहिदास म्हणाला, "आन् बोलली न्हाईस?"

"बोलले असते, तर नाव राहिलं असतं का, भाऊ?"

रोहिदास हातातल्या रिळाचं टोक नखाने शोधू लागला.

अपेक्षाने सगळं सांगितलं. हिराओका साहेबांनी कागद खाली घेतला. मग ते काहीतरी बोलले.

"विचारतात, इतके दिवस पाणी तुम्हीच ठेवलंत?"

"ठेवलं. रोज माफी मागून ठेवलं."

"आणि म्हणतात, तुम्ही गावी का नाही गेलात?"

"त्यांना विचार, ते का नाही गेले?"

अपेक्षा घुटमळली, पण तिने विचारलं. साहेबांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. येत्या सोमवारभोवती लाल गोल होता. ते दोनच वाक्यं बोलले.

"ऑडिट आहे. सुट्टी मागितलीच नाही, म्हणतात. मागता येत नाही."

"तेच सांग माझंही," चिमाबाई म्हणाली.

कागद शेवटी रोहिदासने चिकटवला. आमच्या घरी कोणाचं काही न्हाई, असं त्याने न विचारता सांगितलं, बूट काढले आणि स्टुलावर चढला. कागद जरा तिरका लागला. हिराओका साहेबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते नुसते उभे राहिले, आणि मग कपाटाला पाठ लावून, कडक इस्त्रीच्या गणवेशात, खाली फरशीवर बसले. त्यांना असं बसलेलं कारखान्यात कोणी पाहिलं नव्हतं.

माणूस गेलं की त्या घरी जाऊन बसायचं असतं. बोलावंच लागतं असं नाही. भोसरीच्या खोलीवर कोणी आलं नव्हतं, कारण कोणाला माहीतच नव्हतं. आणि या माणसाकडे यायला इथे त्याचं कोण होतं? चिमाबाई त्यांच्या समोर, भिंतीशी बसली. पदर तोंडाला लावला आणि सहा दिवसांत पहिल्यांदा ती रडली. साहेब मान खाली घालून बसले होते, त्यांचे खांदे हलत होते. अपेक्षाला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

खाली शॉपमध्ये शिफ्टचा भोंगा झाला. रोहिदास स्टुलावरून उतरला, त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे, आणि केबिनचं दार आतून लोटून घेतलं.

"पाच मिनिटं," तो म्हणाला.