न आलेला ताप

भरदुपार. ओहोटी. दर्या मागे सरकलेला, आणि किनाऱ्यावर उघडा पडलेला चिखल सोललेल्या कातड्यासारखा लखलखणारा. आश्विनाचं ऊन मासळीच्या ओट्यावर सुऱ्या परजत होतं.

त्या उन्हात बायजाबाई शिंगाळा कापत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बायजाबाई. मेलेल्या माशानं शेवटचा वार केला: कल्ल्यामागचा काटा थेट तिच्या उजव्या तळव्यात.

तिनं तो उपटला. थुंकली. उरलेला मासा कापला.

बंदरात काट्याचा निवाडा तीच करायची. काटा लागलेल्याच्या कपाळावर तिसऱ्या दिवशी हात ठेवायची. कपाळ तापलेलं असेल तर, "डाक्टर गाठ." थंड असेल तर, "जा, जालं टाक दर्यात." पन्नास वर्षांत निवाडा चुकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिचाच तळवा वांग्यासारखा जांभळा झाला.

"आय, चल दवाखान्यात," सून करुणा म्हणाली.

"मना ताप हाय का? लाव हात."

"नाय."

"मंग? काल आयलीस, न मना शिकवतंस?"

"काल? बारा वरसं झाली. तुजी बोलनी खाऊन खाऊन मीच म्हातारी झायली!"

कपाळ थंड. शहाळ्यासारखं थंड.

आणि आत,

आत कत्तल.

कधीकाळी या देहात काटा शिरला की नगारे झडत. हाडांच्या मज्जेतून श्वेतवर्णी सैन्यं उसळत, रक्त पेटवत, अंगाची भट्टी होई, दात कडकडत, आणि तीन दिवसांत शत्रूची राख. त्या रणभेरीलाच ती ताप म्हणे.

आता छातीच्या हाडामागची ती इवली ग्रंथी, जिथे कोवळे सैनिक शत्रू ओळखायला शिकत, चरबीनं बुजलेली. नवी भरती नाही. उरले ते जुने,

जुने, चिवट, गोवराशी झुंजलेले,

चाळीस वर्षांपूर्वीच्या वैऱ्यांचे चेहरे पाठ असलेले.

नवा वैरी त्यांच्या समोरून आत गेला. त्यांनी ओळखलाच नाही. काही तर पिसाटून तिच्याच गुडघ्यांना आगी लावत बसलेले. भेरीला कुणी हात घातला नाही.

तळवा पडला. मनगट पडलं. तांबडी रेघ कोपराकडे चढली.

चौथ्या दुपारी करुणाला ओट्यावरून कोयत्याचा आवाज आला. खाट. खाट. खाट.

बायजा मासळी कापत होती. फळीवर मासळी नव्हती. डाव्या हातातला कोयता रिकाम्या लाकडावर कोसळत होता, आणि सुजलेला उजवा हात, नसलेला मासा धरून, घावागणिक पात्याकडे सरकत होता.

"आय!"

"थांब गो. गिराईक खोळंबलंय."

पुढचा घाव पडायच्या आत करुणानं कोयता हिसकावला. कपाळ अजून थंडच. पण बायजाच्या डोळ्यांत करुणा नव्हती. कुणीच नव्हतं. यावेळी सुनेनं कपाळावर विश्वास ठेवला नाही. सासूला उचलून बर्फाच्या टेम्पोत घातलं, शिव्या खात, लाथा खात.

"ताप नाही म्हणून थांबलात?" डॉक्टर कडाडले. "या वयात अंगाला तापायचंही बळ उरत नाही!"

"हात वाचंल?"

"आधी बाई वाचू दे."

नर्स बांगड्या काढायला वाकली आणि थांबली. उजवा हात मोकळाच होता.

"त्या लग्नातच दर्याला दिल्यात," करुणा म्हणाली. "आमा कोळनींचा उजवा हात असाच. दर्यानं धन्याला राखावं म्हनून."

डॉक्टरांचं पातं उतरलं. पू उसळला, पिवळा, हिरवा, मेलेल्या सैन्याचा चिखल. मग काळं. मग खोल, फार खोल, लाल.

दोन बोटं पत्र्याच्या तबकात पडली. हात राहिला.

सांजेला बायजानं डोळे उघडले. समोरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, पाहतच राहिली.

"रडतंस कशाला, करुना? अजून मेली नाय मी."

करुणानं आपला मोकळा हात तिच्या पट्टीखाली सरकवला. दोन उजवे हात. एकाला पाच बोटं, एकाला तीन. आणि आठ बोटांत मिळून एक नाडी, धावत, अडखळत, धावत.