इंटरनेटवरचं कुरण

परळीतल्या त्या सार्वजनिक बागेत पुढं कारंजं, झोपाळे आणि कापलेली मेंदी होती. मागच्या अंगाला, कुंपणाच्या आतच, एक कुरण होतं. तिथं कुणी काही पेरत नसे. पवन्या, मारवेल असलं गवत आपसूक वाढायचं, आणि पाऊस ओसरता ओसरता कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे सगळीकडं डोलायला लागायचे. ईश्वरीला पुण्यात इतकी वर्षं झाली, पण परळी म्हटलं की तिला अजून ते गवत आठवतं, आणि त्यात वाकलेले रेवणसिद्धकाका.

काका तिचे सख्खे चुलते, मोंढ्यात धान्या-भुसाराचं दुकान. शिवकांताकाकू गेल्यावर दुकान मुलावर सोपवून ते रोज सकाळी कुरणात जाऊन गाजरगवत उपटत. ते इकडून उपटावं तर तिकडून माजत होतं.

दोन हजार एक साल असेल. ईश्वरी कॉम्प्युटरचा कोर्स करून वीरेशच्या नव्या नेट कॅफेत शिकवायला जायची. एका दुपारी काका धोतराचा सोगा सावरत आत आले.

"ईश्वरी, ते वेबसाइट का काय म्हणतेत, ते आपल्या कुरणाचं करता येतंय का? माणसं पाह्यजेत मला. एकट्यानं न्हाई होत आता."

वीरेश हसला. "काका, परळीत नेट हाय कुणाकडं? बघणार कोण?"

"तू बघ की बे," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

ईश्वरीनं फुकट जागा देणारी एक साइट शोधली. रिळाच्या कॅमेऱ्यातले फोटो धुऊन आणले, स्कॅन केले. फोनची लाइन मध्येच तुटायची, की सगळं पहिल्यापासून. मराठी अक्षरांच्या जागी दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन दिसत, म्हणून तिनं मजकुराचंच चित्र करून टाकायचं ठरवलं.

काका सांगत होते, ती टाइप करत होती.

"लिही, हे कुर्डू. कोवळं असताना ह्याची भाजी करतेत. आमचं नवीन लगीन झालतं तवा घरात लई माणसं. दोन शब्द बोलायला जागा न्हाई. मंग भाजी खुडायच्या निमित्तानं आमी ह्या कुरणात यायचो. भाजी मूठभर, बोलणं दुपारभर. आई इचारायची, एवढ्या वेळात इतकीच?" काका एकदम थांबले. "हे खोड. लोक हसतील."

"हसू द्या की, काका."

ते पडद्यावरच्या ओळी बराच वेळ वाचत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "नुसतं 'आमी' कावून? तिचं नाव घाल."

ईश्वरीनं शिवकांता असं लिहिलं. खाली रविवारी सकाळी गाजरगवत उपटायला या, असं आवाहन केलं.

रविवारी कुणी आलं नाही. पुढच्या रविवारीही काका आणि ईश्वरी दोघंच. परतताना कॅफेवरून गेले तेव्हा काकांचं पाऊल जड पडत होतं. ते बघून वीरेशनं, कुणाला न विचारता, ते पान छापलं आणि कॅफेच्या दाराला चिकटवलं. शेजारी चहाचा गाडा होता. चहा पिता पिता लोक वाचायला लागले.

त्या रविवारी राधाकिशन मास्तर आणि त्यांची बायको सुंदरबाई फाटकापाशी उभे होते. हातात खुरपी. सुंदरबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "भाऊजी, आमी बी भाजीच्याच निमित्तानं यायचो."

काका इतक्या मोठ्यानं हसले की ईश्वरीला काकूंच्या वेळचं घर आठवलं. पुढं माणसं वाढत गेली. ईश्वरी त्यांचे फोटो साइटवर टाकी, आणि मंडळी स्वतःला इंटरनेटवर बघायला सहकुटुंब कॅफेत येत. वीरेश पडदा त्यांच्याकडं वळवून ठेवी. दोन-तीन पावसाळ्यांत कुरण बरंच मोकळं झालं.

ती लग्न होऊन पुण्याला गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी, फुकट जागा देणारी ती साइटच बंद पडली. सगळी पानं गेली. काकूंच्या नावाचंही गेलं. तिनं काकांना फोन केला.

"जाऊ दे गं पोरी," काका म्हणाले. "ज्याला वाचायचं त्यानं वाचलं."

त्यांच्या मागून कुणीतरी हाका मारत होतं. रविवार होता आणि त्यांना निघायची घाई होती.